दार-खिडक्यांचं हार्डवेअर आणि सक्तीची आयएसआय

दार-खिडक्यांना लागणारं लोखंडी-पितळी सामान, म्हणजे बिजागऱ्या, टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, हँडल, कडी-कोयंडा, स्टॉपर, कुलपं, डोअर क्लोजर वगैरे. यातल्या काही वस्तू भारतात आयएसआय मार्क असल्याशिवाय बनवता, आयात करता किंवा विकता येत नाहीत. हा नियम ज्या सरकारी आदेशातून येतो त्याला क्वालिटी कंट्रोल ऑर्डर म्हणतात, बाजारात सगळे नुसतं क्यूसीओच म्हणतात. "हार्डवेअरला आयएसआय कंपल्सरी झालं" असं दुकानात सर्रास ऐकू येतं पण ते तितकंसं बरोबर नाही, कारण कायद्यात 'हार्डवेअर' नावाचा कप्पाच नाहीये, सक्ती ही एकेका वस्तूवर आणि तिच्या आयएस नंबरवर, म्हणजे भारतीय मानकाच्या क्रमांकावर लागते, एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी एकीला मार्क लागतो आणि दुसरीला नाही असं होऊ शकतं.

कायदा आहे 2016 चा भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) कायदा, लागू झाला 12 ऑक्टोबर 2017 पासून. त्याच्या कलम 16 मध्ये केंद्र सरकारला अधिकार दिलाय की लोकहित, माणसांचं-प्राण्यांचं आरोग्य, पर्यावरण, फसवणुकीचा व्यापार रोखणं किंवा देशाची सुरक्षा यापैकी कारण असेल तर एखाद्या वस्तूवर मार्क सक्तीचा करायचा. इथे एक गोष्ट लोकांची नेहमी उलटसुलट होते. मानक लिहितं बीआयएस, लायसन्स देतं बीआयएस, पण सक्ती बीआयएस करत नाही, ती करतं त्या-त्या विषयाचं मंत्रालय. या सामानाचं खातं वाणिज्य मंत्रालयातल्या डीपीआयआयटीकडे, म्हणजे उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे येतं. आदेश राजपत्रात छापून येतो, त्याला एक तक्ता जोडलेला असतो, तक्त्यात वस्तूचं नाव आणि समोर आयएस नंबर. जे तक्त्यात आहे ते सक्तीचं, बाकीचं ऐच्छिक, म्हणून व्यापाऱ्याने आदेशाचं नाव वाचण्यापेक्षा तक्ता वाचावा हे बरं.

आता हे नंबर. टॉवर बोल्ट 204, पितळ-ॲल्युमिनियमसारख्या धातूंच्या बिजागऱ्या 205, टी आणि पट्टी बिजागऱ्या 206, दाराची हँडलं 208, कडी-कोयंडा 363, साध्या लोखंडी बिजागऱ्या 1341, लांबलचक पियानो हिंज 3818, हायड्रॉलिक डोअर क्लोजर 3564, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या 12817. पार्लमेंट हिंज, म्हणजे ती एच आकाराची जिच्यामुळे दार भिंतीपासून सुटून पूर्ण मागे वळतं, तिचा नंबर 362. मुद्दा असा की सुताराला जी सगळीच 'बिजागरी' वाटते तिची कागदावर सात-आठ वेगळी कुळं आहेत आणि कारखान्याला प्रत्येक कुळाचं वेगळं लायसन्स लागतं. डीपीआयआयटीने बिजागऱ्यांसाठी स्वतंत्र क्यूसीओ काढला आणि प्लायवुड व लाकडी फ्लश डोअर म्हणजे सपाट दारांसाठी वेगळा, म्हणजे दाराचा पल्ला एका आदेशात आणि ज्यावर तो लटकतो ती बिजागरी दुसऱ्या आदेशात.

यातले बरेच नंबर तीन आकडीच आहेत त्याचं कारण ही मानकं जुनी आहेत. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, जिच्या आद्याक्षरांवरून आयएसआय हे नाव रुजलं, ती 1947 ची, मार्कचा कायदा 1952 चा, आणि आयएस 1 हा नंबर राष्ट्रध्वजाचा आहे यावरून अंदाज करा की 204-205 किती सुरुवातीला आलं असेल. 1987 मध्ये संस्थेचं नाव बदलून बीआयएस झालं पण मार्क आयएसआयच राहिला, लोकांच्या तोंडीही तोच. म्हणजे बिजागरी कशी असावी हे देशाने कधीच लिहून ठेवलेलं होतं, फक्त पाळायची सक्ती नव्हती. सरकारी बांधकामाच्या टेंडरमध्ये मार्कचं सामान मागायचे, तिथे इंजिनिअर डबा बघायचा, आणि तुमच्या-आमच्या घरात मिस्त्री आणेल ते. 2020 नंतर क्यूसीओंची मोठी लाट आली, खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून सक्ती झाली ते बऱ्याच जणांना आठवत असेल, त्याच लाटेत प्लायवुड, फर्निचर, बिजागऱ्या हे सगळं आलं. मागे दोन हेतू होते, हलका माल रोखणं आणि स्वस्त आयात, मुख्यतः चीनची, कमी करणं. दुसरा हेतू सरकारी भाषेत जरा हळू आवाजात बोलला जातो.

लायसन्स हे ब्रँडला मिळत नाही, कारखान्याला मिळतं, आणि तेही त्या पत्त्यावरच्या कारखान्याला. एका मालकाचे वसईत एक आणि राजकोटात एक असे दोन कारखाने असले तर दोन लायसन्स. अर्ज मानक ऑनलाइन पोर्टलवर करायचा, मग एकतर बीआयएसचा माणूस येऊन कारखाना बघून सॅम्पल घेऊन जातो किंवा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट आधीच जोडला तर प्रकरण लवकर हलतं. पहिलं लायसन्स एक ते दोन वर्षांचं, नंतर रिन्यूअल एकदम पाच वर्षांपर्यंतही करता येतं. बिजागरीत बघतात काय तर पानांची जाडी, लांबी-रुंदी, पिन घट्ट आहे का, पानं अडखळत फिरतात की मऊ, स्क्रूची भोकं नीट खोलगट केलीयत का म्हणजे डोकं वर राहणार नाही. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं पण दाराचं करकरणं, खाली बसणं, फरशीला घासणं यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं, पानाची जाडी थोडी मारली की दोन पावसाळ्यांत दार चौकटीत अडकायला लागतं. फ्लश डोअरच्या चाचण्या जास्त बघण्यासारख्या असतात, दार पाण्यात उभं करून ठेवतात, धाडकन आपटतात, स्क्रू उपटून किती जोर लागला ते मोजतात.

युरोपात हाच विषय वेगळ्या तऱ्हेने हाताळलाय. तिथल्या ईएन 1935 मध्ये बिजागऱ्यांच्या 14 ग्रेड आहेत, वरच्या ग्रेडला 2 लाख वेळा उघडझाप आणि ग्रेड 13 ला 120 किलोचं दार. म्हणजे गिऱ्हाईक ग्रेड बघून ठरवतं. आपल्याकडे मार्क आहे किंवा नाही एवढंच बघायची सवय आहे, हलकी-मध्यम-जड हे प्रकार मानकात असूनही दुकानात कोणी विचारत नाही, "चार इंची द्या" एवढंच.

परदेशी कारखान्यालाही हेच लायसन्स लागतं. बीआयएसचा अधिकारी तिकडे जाऊन कारखाना तपासतो, खर्च कारखानदाराचा, शिवाय भारतात जबाबदार प्रतिनिधी नेमायचा आणि 10,000 डॉलरची बँक गॅरंटी द्यायची. लायसन्स नसलेला कंटेनर न्हावा शेवाला आला तर कस्टम्स तो सोडत नाही आणि मग डेमरेज, म्हणजे बंदरात माल अडकल्याचं भाडं, चढत जातं. छोट्या आयातदारांचा खरा त्रास इथे आहे, कारण जो चिनी कारखाना दहा जणांना थोडा-थोडा माल देतो तो एका भारतीय गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप का करेल.

देशातल्या छोट्यांचं दुखणं वेगळं. हा धंदा मोठ्या कंपन्यांपेक्षा अलिगढची कुलपं, जामनगरचं पितळ, राजकोट, वसईच्या औद्योगिक गाळ्यांमधल्या दोन-चार प्रेसवर चालणारा आहे, तिथे मोजमापाची लॅब, रजिस्टर, फी हे सगळं जड जातं. म्हणून क्यूसीओमध्ये साधारणपणे लघु उद्योगांना तीन महिने आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जास्तीचे देतात, अलीकडच्या बऱ्याच आदेशांत 25 लाखांपर्यंत गुंतवणूक आणि 2 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या उद्यम-नोंदणीच्या सूक्ष्म उद्योगांना सूटच आहे. निर्यातीचा मालही बाहेर. तारखा पुढे ढकलण्याची तर परंपराच झालीय, त्यामुळे कारखानदार शेवटच्या महिन्यापर्यंत थांबून बघतो आणि मग लॅबमध्ये एकदम गर्दी. नोव्हेंबर 2025 मध्ये तर पॉलिमर आणि धाग्यांच्या कच्च्या मालावरचे 14 क्यूसीओ सरकारने एकदम मागे घेतले, कच्चा माल महाग होतो अशी कापड-प्लास्टिकवाल्यांची तक्रार होती. त्यानंतर हार्डवेअरवाल्यांनाही आशा लागली की आपलाही नंबर लागेल.

सूट नसेल आणि मार्कही नसेल तर कलम 17 लागतं, आणि ते फक्त कारखान्यापुरतं नाही, विकायला साठवणं आणि दुकानात मांडणं हेही त्यात आलं. म्हणजे नागदेवी स्ट्रीटचा होलसेलवालाही सापडतो आणि पुण्याच्या बोहरी आळीतला किरकोळ दुकानदारही. 2016 च्या कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी कमीत कमी 2 लाख दंड, पुन्हा सापडलं तर कमीत कमी 5 लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

खरा मार्क ओळखायचा तर चिन्हाच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर पाहिजे. नुसतं चिन्ह छापलेलं असलं, नंबर नसला, तर त्याला काही अर्थ नाही. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे की संपलंय ते दिसतं, आणि कधीकधी गंमत अशी दिसते की डब्यात बिजागरी आणि नंबर टॉवर बोल्टचा. लोहचुंबक लावून "चिकटत नाही म्हणजे 304" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका (304 आणि 202 या स्टेनलेस स्टीलच्या ग्रेड), 202 लाही चुंबक जवळपास चिकटत नाही, फरक निकेलचा आहे, आणि तो कळतो रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा गेल्यावर.

एक मात्र मार्कच्या कक्षेत येत नाही, ते म्हणजे बसवणं. जड सागवानी दाराला तीनऐवजी दोन बिजागऱ्या, चार स्क्रूंच्या जागी तीन, आणि तेही पेचकसाने न फिरवता हातोडीने ठोकलेले, असं असेल तर आयएस 12817 ची बिजागरीसुद्धा चौकटीतून निघून हातात येते.