एहलर्स-डॅनलॉस लक्षणसमूहातील पचनसंस्थेचे विकार

एहलर्स-डॅनलॉस लक्षणसमूह हा संयोजी ऊतकांच्या (अवयवांना आधार देणाऱ्या व जोडून ठेवणाऱ्या ऊतकांच्या) दुर्मिळ आनुवंशिक विकारांचा गट आहे. डॅनिश त्वचारोगतज्ज्ञ एडवर्ड एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आंरी-अलेक्सांद्र दांलो यांनी १९०८ मध्ये केलेल्या वर्णनांवरून त्याला हे नाव मिळाले. दोघेही त्वचेचे डॉक्टर असल्याने ताणली जाणारी कातडी आणि सैल सांधे हीच या रोगाची ओळख ठरली, आणि आतड्यांकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याचे १३ प्रकार मानले आहेत. पचनसंस्थेच्या दृष्टीने मात्र त्यांपैकी दोनच प्रकारांचा विस्ताराने विचार करावा लागतो, आणि ते दोन एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की रोगाचे नाव एकच असणे ही रुग्णाच्या दृष्टीने अडचणच म्हणावी लागेल.

पहिला, रक्तवाहिन्यांशी संबंधित (व्हॅस्क्युलर) प्रकार. यात ‘सीओएल३ए१’ या जनुकातील बिघाडामुळे तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन (ऊतकांना बळकटी देणारे प्रथिन) सदोष बनते किंवा कमी पडते. हे कोलॅजन धमन्या, आतडी आणि गर्भाशय या पोकळ अवयवांच्या भिंतींत विपुल असते. त्यामुळे तेथेच भिंत फाटण्याचा धोका असतो. आतड्यात छिद्र पडते ते बहुधा मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड या वळणदार भागात, जेथे मळ घट्ट होत जातो आणि आतील दाब वाढतो. अल्सर, गाठ किंवा मार असे कोणतेही कारण नसताना तरुण माणसाचे आतडे फुटणे, हेच कित्येकदा या रोगाचे पहिले लक्षण ठरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत २२० मूळ रुग्णांपैकी (कुटुंबात ज्यांचे निदान प्रथम झाले अशांपैकी) ८० टक्क्यांहून अधिकांना चाळिशीपर्यंत किमान एक गंभीर गुंतागुंत झालेली आढळली. एकूण गुंतागुंतींपैकी सुमारे चौथा हिस्सा आतडे फुटण्याचा होता. तथापि त्याने क्वचितच मृत्यू ओढवला, बहुतेक मृत्यू धमनी फुटल्याने झाले.

आतडे फुटल्यास तातडीची शस्त्रक्रिया टळत नाही, पण ती करणाऱ्या शल्यचिकित्सकापुढे पेच असतो: ज्या ऊतकात टाका घ्यायचा तेच टाक्याच्या ताणाने चिरते. म्हणून फुटलेला भाग काढून आतड्याची टोके लगेच जोडण्याऐवजी वरचे टोक पोटाच्या भिंतीवर उघडण्याचा (कोलोस्टोमी) मार्ग बहुधा पत्करला जातो. आतडे पुन्हा फुटू शकत असल्याने काही तज्ज्ञ मोठ्या आतड्याचा बहुतांश भाग काढावा असे सुचवतात. याच कारणास्तव या प्रकारात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) शक्यतो टाळतात आणि एनिमाही जपून देतात. मळ मऊ राहील अशी काळजी घेणे हा साधा उपाय येथे खरोखरीच महत्त्वाचा ठरतो.

दुसरा, अतिलवचिक सांध्यांचा (हायपरमोबाइल) प्रकार. तुलनेने हाच अधिक आढळतो; त्याचे जनुक अद्याप निश्चित झालेले नसल्याने निदान लक्षणांवरून आणि सांध्यांच्या लवचिकतेला ९ पैकी गुण देणाऱ्या बेटन मोजपट्टीच्या आधारे केले जाते. यात आतडे फुटण्याची भीती नसते; असतो तो रोजचा त्रास. छातीत जळजळ, मळमळ, थोडे खाल्ले तरी पोट गच्च वाटणे, फुगारा, पोटदुखी, बद्धकोष्ठ आणि अधूनमधून जुलाब अशा तक्रारी वर्षानुवर्षे चालतात. सोनोग्राफी व एंडोस्कोपीत बहुधा काहीच सापडत नाही, आणि मग ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते. भिंतीचा सैलपणा, आतड्याच्या हालचालींतील बिघाड आणि स्वायत्त चेतासंस्थेचे (हृदय, आतडी यांचे काम आपोआप चालवणाऱ्या मज्जासंस्थेचे) असंतुलन यांकडे यामागील कारणे म्हणून बोट दाखवले जाते. उभे राहताच हृदयाचे ठोके वाढण्याची तक्रारही अशा अनेक रुग्णांत जोडीला असते. सांधेदुखीसाठी अफूवर्गीय औषधे दिल्यास बद्धकोष्ठ आणखी बळावते. इतर प्रकारांपैकी क्लासिकल प्रकारात अंतर्गळ आणि बालपणी गुदभ्रंश (गुदाशय बाहेर येणे) आढळतो.

औषधांबाबत आणखी एक सावधगिरी भारतात विशेष लागू पडते. जुलाबांवर येथे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके सर्रास घेतली जातात, कित्येकदा चिठ्ठीशिवाय. या गटाने महाधमनी फाटण्याचा धोका वाढत असल्याने, अन्य पर्याय असल्यास एहलर्स-डॅनलॉस व मार्फान (संयोजी ऊतकांचाच आणखी एक आनुवंशिक विकार) लक्षणसमूहाच्या रुग्णांना ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे.