रिकामं बीळ खोटं बोलू देत नाही

भारतात सर्पदंशावरची लस कुठलीही कंपनी बनवो, तिच्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा कित्येक वर्षं एकाच ठिकाणाहून येत आला आहे. चेन्नईजवळच्या वडनेम्मेली गावात इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे. तिचे सभासद नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पकडून आणतात. साप काही आठवडे मडक्यात ठेवतात, ठरावीक दिवसांनी विष काढतात आणि मग पुन्हा रानात सोडून देतात. सोडण्याआधी पोटावरच्या खवल्याला छोटीशी खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही. फुरशाचं सुकवलेलं एक ग्रॅम विष जमवायला शेकडो साप लागतात, यावरून कामाचा आवाका लक्षात यावा.

एकेकाळी हेच लोक कातड्याच्या व्यापारासाठी साप मारत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद पडत गेला आणि घरं उघड्यावर आली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये ही संस्था उभी राहिली. ज्ञान तेच राहिलं, फक्त आता त्यातून माणसं वाचू लागली.

हे ज्ञान नेमकं कसं असतं? बांधावर एक बीळ दिसतं. तोंडाशी कोळ्याचं जाळं शाबूत असेल, तर हल्ली तिथून कोणी आत-बाहेर केलेलं नाही. मातीवर उंदरांच्या पावलांचे ताजे ठसे असतील, तर उंदीर बिनधास्त फिरताहेत. सापाच्या ये-जा करण्याने माती घासून गुळगुळीत झाली असेल, तर मात्र तिथे थांबायचं. जवळ कात पडलेली असेल, तर ती मऊ आहे की कडक होऊन चुरा होतेय ते बघायचं. खवल्यांवरून सापाची जात कळते. मग पहार हातात घ्यायची.

निरीक्षण, अनुमान, पडताळा. विज्ञान याहून वेगळं काही करत नाही. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यातला पडताळा. अंदाज चुकला तर तास-दोन तासांची खोदाई वाया जाते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अशी शिक्षा दररोज मिळत असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या फक्त खरं तेवढंच टिकतं.

सर्पदंशावरच्या मंत्राचं तसं होत नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे कितीतरी रुग्ण एरवीही वाचणारच असतात, आणि श्रेय मात्र मांत्रिकाला जातं. दोन्ही गोष्टी ‘परंपरा’ म्हणून एकाच टोपलीत टाकल्या, की एक तर दोन्ही डोक्यावर घेतल्या जातात, नाहीतर दोन्ही फेकल्या जातात. कोणत्या ज्ञानाला चूक महागात पडत आली आहे, हे आधी विचारायला हवं.

2017 मध्ये मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या साप पकडणाऱ्या दोन इरुळांना अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने बोलावून घेतलं. तिथे बर्मी अजगरांनी रानातले सस्तन प्राणी फस्त करत आणले आहेत. हा अजगर इरुळांच्या मुलखातला नाही आणि ती दलदलही त्यांना नवी होती. तरी गचपणात शिरून, विष्ठा आणि सरपटल्याच्या खुणा बघत त्यांच्या चमूने पहिल्या आठ दिवसांत 13 अजगर धरले. 2023 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

सन्मान झाला, पण साप किती पकडायचे याची परवानगी वनखातं देतं, आणि परवाना रखडला की चूल थंडावते. दुसरी अडचण थेट आपल्या जिवाशी आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तमिळनाडूतल्या विषावर तयार झालेली लस राजस्थानच्या फुरशावर कमी चालते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून विष निरनिराळ्या प्रदेशांतून गोळा व्हायला हवं, अशी मागणी संशोधक करताहेत. कोकणच्या कातळावर दगड उलथून फुरसं कुठे असेल ते सांगणारी माणसं त्या-त्या गावात आहेत. त्यांना प्रशिक्षण, परवाना, विमा आणि रास्त मोबदला देऊन या कामात घेतलं, तर इथल्या सापांच्या विषावर इथली लस बनू शकेल.