संख्यांना अंत नाही, पण या याद्यांना आहे

सोलापूरचा पिनकोड ४१३००१. त्याच्या अंकांची बेरीज ९ येते आणि त्याला ९ने निःशेष भाग जातो, उत्तर ४५,८८९. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या हे नाव दिले. त्या कधीच संपत नाहीत. १०, १००, १००० असे लिहीत गेलात तरी प्रत्येक संख्या हर्षदच. मात्र त्या एकापाठोपाठ एक किती येऊ शकतात, याला बंधन आहे. ५१०, ५११, ५१२, ५१३ ही चौघांची रांग कागदावर पडताळून बघण्यासारखी आहे. अशा रांगेत २०पेक्षा जास्त संख्या असूच शकत नाहीत, हे कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी १९९३ साली सिद्ध केले. वीसची रांग खरोखर आहे, हेही त्यांनी दाखवले. त्या रांगेतली एकेक संख्या ४४ अब्जांहून अधिक अंकांची आहे!

मोठ्या संख्यांचे मला सगळ्यात जास्त आकर्षण वाटते ते इथे. संख्या अनंत असतात हे आपण शाळेतच ऐकतो आणि पुढे जातो. पण अनंत संख्यांतून एखादा गुणधर्म निवडावा, त्याचा माग काढत जावे आणि एका ठरावीक संख्येपाशी तो कायमचा थांबावा, हे मला अनंतापेक्षाही नवलाचे वाटते. असे थांबणे का घडते, ते हाताने करून पाहता येते.

त्यासाठी ६८ घेऊ. सोलापूरकराला हा आकडा सांगावा लागत नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली लिंगे अडुसष्ट, आणि संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज याच अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. आता खेळ असा: संख्येच्या उजवीकडे एकेक अंक वाढवायचा. दोन अंकी संख्येला २ने, तीन अंकी संख्येला ३ने, चार अंकी संख्येला ४ने भाग गेला पाहिजे; पुढेही तसेच. ६८ला २ने भाग जातो. तिसरा अंक लावून ६८१, ६८४ आणि ६८७ या तीन संख्या मिळतात. त्यांना चौथा अंक लावला की ६८१२, ६८१६, ६८४०, ६८४४, ६८४८, ६८७२ आणि ६८७६ अशा सात होतात. पाचव्या जागी फक्त ० किंवा ५ चालतो, म्हणजे चौदा. वंश छान वाढतो आहे.

सुरुवात ६८ऐवजी कुठल्याही अंकापासून केली तरी आधी अशीच वाढ दिसते, कारण दर पिढीला अंक दहा उपलब्ध असतात आणि भाजक लहान असतो. सातव्या जागी कधी एक, तर कधी दोन अंक बसतात. मग येते दहावी जागा. १०ने भाग जायचा तर शेवटी शून्यच हवे, दुसरा पर्याय नाही. प्रत्येक नऊ अंकी संख्येला नेमका एकच वारस! म्हणून अशा नऊ अंकी संख्या २,४९२ आणि दहा अंकीसुद्धा तितक्याच, २,४९२. अकराव्या जागेपासून भाजक मोठा आणि अंक दहाच. काही संख्यांना वारस मिळत नाही आणि वंश आटू लागतो.

या वंशातली एक नऊ अंकी संख्या मला विशेष आवडते: ३८१६५४७२९. १ ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकदाच आले आहेत आणि सगळ्या अटी पाळल्या आहेत. ३८१६५४७ला ७ने भागून बघा, ५४५२२१ येतात. नऊही अंक एकेकदा वापरून असे जमणारी दुसरी संख्या नाही.

वंशातली शेवटची संख्या २५ अंकी आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. ती इथेच का थांबते? तिच्यापुढे शून्य लावून २६ने भागले की बाकी १२ उरते. भाग निःशेष जायला त्यात आणखी १४ मिळवावे लागतील, आणि १४ हा काही अंक नव्हे. तिथे यादी संपली.

आता मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या. आपल्या सोलापूरच्या नंबरप्लेटवरचा एमएच १३ डोळ्यांपुढे आणा. १३ मूळ आहे आणि डावीकडचा १ पुसला तर उरणारे ३ हेही मूळ. या १३च्या डावीकडे अंक लावून वंश वाढवू. शून्य चालणार नाही. ११३, ३१३ आणि ६१३ मूळ निघतात. ४१३, म्हणजे पिनकोडचे पहिले तीन अंक, मात्र ७ गुणिले ५९ असल्याने बाद. पुढे ११३पासून २११३ मिळते, तीही मूळच.

उजवीकडे अंक लावत गेलो तर हा वंश लवकर खुंटतो, कारण नवा अंक १, ३, ७, ९ यांतलाच हवा. तिथे एकूण ८३ संख्या आहेत आणि सर्वांत मोठी ७३९३९१३३. डावीकडे नऊ अंकांची मुभा असते, म्हणून तिथे ४,२६० संख्या मिळतात.

मूळ संख्या पुढे पुढे विरळ होतात आणि त्या विरळपणाला हिशेब आहे. नऊ अंकी संख्यांच्या शेवटाकडे सुमारे एकविसांत एक मूळ असते. आपल्या संख्यांच्या शेवटी सोयीचा अंक, म्हणजे दहांपैकी १, ३, ७, ९ या चारांतला, आधीच असल्यामुळे ही शक्यता अडीचपट होते, म्हणजे साधारण सव्वाआठांत एक. आपण अंक लावून बघतो नऊ, तेव्हा सरासरी एकाहून किंचित जास्त वारस मिळतो. दहा अंकांवर शक्यता सव्वानवांत एक होते आणि सरासरी एकाच्या खाली उतरते. म्हणजे कळस नऊ अंकांपाशी असायला हवा. प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? आठ अंकी ५२१, नऊ अंकी ५४५, दहा अंकी ५१७. इतका ढोबळ अंदाज इतका नेमका बसावा, याचा मला अजूनही आनंद होतो.

या वंशातली शेवटची संख्या २४ अंकी: ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. डावीकडून कितीही अंक पुसा, उरलेली संख्या मूळच राहते. तिला वारस का नाही, याचा बराचसा भाग वही-पेनाने करता येतो. अंकांची बेरीज ११२ आहे, त्यामुळे २, ५ किंवा ८ लावला की बेरीज ३च्या पटीत जाते आणि संख्येला ३ने भाग जातो. ३ लावला तर ७ने भाग जातो, ६ लावला तर ११ने आणि ७ लावला तर २३ने. राहिले १, ४ आणि ९. त्यांनाही मूळ संख्या मिळत नाही, पण तिथे याहून मोठे भाजक शोधावे लागतात.