भिंतीवरचा लाल स्विच : विजेच्या ‘कुकर’ची पार्श्वभूमी आणि त्याची निगा

ब्रिटनमध्ये भाड्याचे घर घेतले की स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक भलामोठा स्विच दिसतो. बहुतेकदा लाल दांड्याचा, त्यावर ‘कुकर’ असे लिहिलेले. शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कुकर म्हटले की तीन शिट्ट्यांचा भाताचा कुकर येतो. तिथे मात्र कुकर म्हणजे वर चार तबकड्या, मध्ये वरून आच देणारी ग्रिल आणि खाली ओव्हन असलेली, जमिनीवर उभी राहणारी अख्खी शेगडी. रुंदी ५०, ५५ किंवा ६० सेंटीमीटर, उंची ओट्याइतकी, म्हणजे साधारण ९०. तिच्या माहितीपुस्तिकेत ‘हे करू नका’ची लांबलचक यादी असते आणि ती कोणी वाचत नाही. पण त्या यादीतली बरीच कलमे कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेली आहेत. ती अडचण कळली की कलम पाठ करावे लागत नाही.

सुरुवात १८९० च्या दशकात होते. कॅनडातल्या ओटावा शहरात टॉमस अहर्न यांनी १८९२ मध्ये एका हॉटेलात विजेवर शिजवलेले जेवण वाढले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडलेले होते. इंग्लंडमध्ये याच सुमाराला क्रॉम्प्टन यांची कंपनी विजेची स्वयंपाकाची उपकरणे विकू लागली. हे आर. ई. बी. क्रॉम्प्टन तरुणपणी ब्रिटिश लष्करातून हिंदुस्थानात आले होते आणि इथे रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाड्यांवर त्यांनी काम केले होते. त्यांच्या नावाची कंपनी पुढे १९३७ मध्ये मुंबईत उभी राहिली. आपल्या घरातल्या पंख्यांवरचे ‘क्रॉम्प्टन’ ते हेच.

त्या पहिल्या शेगड्या टिकत नव्हत्या. तार एनॅमलच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, थरात बसवून लोखंडी तव्याला चिकटवलेली असे. तापल्यावर तार, एनॅमल आणि लोखंड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत, थराला तडे जात, हवा लागून तार गंजे आणि तुटे. हे कोडे सोडवले ते अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी. १९०६ मध्ये त्यांना निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेली ही तार लालभडक तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ, घट्ट कवच धरते आणि आतला धातू वाचतो. आजच्या टोस्टरपासून ओव्हनपर्यंत अनेक ठिकाणी हीच तार आहे. क्रॉम्प्टनच्याच कारखान्यात काम केलेल्या सी. आर. बेलिंग यांनी १९१२ मध्ये लंडनजवळच्या एन्फील्डला स्वतःचा धंदा काढला तो याच तारेच्या भरवशावर. आधी विजेच्या हीटरवर भर होता, कुकर नंतर आले. ‘बेबी बेलिंग’ हा त्यांचा छोटा कुकर १९२९ चा.

तार टिकू लागली तरी ती उघडीच होती. मातीच्या तबकडीतल्या खाचेत गुंडाळलेली, वीज वाहणारी उघडी तार. आपल्याकडे हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये जी कॉइलची शेगडी वर्षानुवर्षे चालली, तिची रचना हीच. दूध उतू गेले किंवा चिमट्याचे टोक खाचेत गेले की थेट झटका. यावर उपाय म्हणून तार धातूच्या नळीत मधोमध ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरायची पद्धत आली. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. नळी अर्थिंगला जोडलेली असते. आजच्या कुकरमधली ग्रिलची कांब, ओव्हनच्या पंख्याभोवतीचे कडे, सगळे याच जातीचे.

पण या पुडीचा एक दुर्गुण आहे : ती ओल धरते. कुकर महिनोन्महिने बंद राहिला, किंवा नळीला बारीक तडा गेला, की दमट हवा आत शिरते आणि थोडी वीज नळीकडे झिरपू लागते. घरातला ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर ती झिरप ओळखून वीज तोडतो. म्हणून ‘ओव्हन लावला की सगळ्या घराची वीज जाते’ ही तक्रार लांबच्या सुट्टीनंतर हमखास येते. कधी कांब तापून ओल उडून जाते आणि त्रास थांबतो. पुन्हा पुन्हा होत असेल तर कांब बदलायची वेळ झाली. ब्रेकर काढून ठेवणे किंवा त्याला बगल देणे हा उपाय नव्हे. ती झिरप तुमच्या हातातून जमिनीत जाऊ नये म्हणूनच तो बसवला आहे.

पहिल्या महायुद्धानंतरही ब्रिटनमध्ये कुकर भराभर पसरले नाहीत. गावोगावच्या वीजपुरवठ्याचा दाब वेगळा, कुठे एसी तर कुठे डीसी. घर बदलले की उपकरण निकामी. १९२६ च्या वीज कायद्याने देशव्यापी ग्रिडचा, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकाच जाळ्याचा, पाया घातला. तोवर आणि नंतरही कितीतरी घरांत कुकर विकत घेतलेला नसे, वीज पुरवणाऱ्या नगरपालिकेकडून किंवा कंपनीकडून भाड्याने आणलेला असे. बिघडला तर त्यांचाच माणूस येऊन पाहून जाई. १९२४ मध्ये स्थापन झालेली महिलांची विद्युत संघटना आणि तिच्या संचालक कॅरोलाइन हॅस्लेट यांनी गृहिणींना वीज समजावून सांगायचे काम नेटाने केले. १९४७ च्या ब्रिटिश तीन पिनी प्लगमागच्या समितीतही त्या होत्या. मुलांनी सॉकेटात काही खुपसू नये म्हणून आतल्या बाजूला असलेली झडप ही त्या प्लग-सॉकेटची ओळख.

तो प्लग १३ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त ३ किलोवॉटचा. पूर्ण आकाराचा कुकर सगळा चालू केला तर १० किलोवॉटच्या पुढे जातो. म्हणून त्याला फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र लाइन लागते. सहसा ६ चौरस मिलिमीटरची वायर, ३२ अँपिअरचा ब्रेकर आणि तो लाल, ४५ अँपिअरचा, दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच. इथे चौकस माणूस विचारतो की १०.५ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ४५.७ अँपिअर, मग ३२ चा ब्रेकर पडत कसा नाही? हिशेब असा : पहिले १० अँपिअर पूर्ण धरायचे, उरलेल्या ३५.७ चे ३० टक्के म्हणजे १०.७, झाले २०.७. स्विचच्या पाटीवर सॉकेट असेल तर आणखी ५ मिळवायचे, २५.७. कारण कुठलाही कुकर सलग पूर्ण जोराने जळत नाही. ओव्हन तापला की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा खटका, वीज तोडतो, तबकड्याही चालू-बंद होत राहतात. या हिशेबावर ब्रिटनमधली घरे वर्षानुवर्षे सुरळीत चालली आहेत. पण तो स्वतंत्र लाइनचा हिशेब आहे. मोठा कुकर १३ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चढवला तर प्लग वितळू शकतो, आणि वितळण्याआधी बराच वेळ भिंतीत गुपचूप तापत राहतो.

स्विच कुकरच्या बाजूला, दोन मीटरच्या आत असावा. वरच्या भिंतीवर नको. तेलाने पेट घेतला तर ज्वाळांवरून हात घालून स्विच गाठावा लागेल. जुन्या पाट्यांवर जो जास्तीचा सॉकेट असे त्यात किटली लावली की तिची वायर तापलेल्या तबकडीवर लोळते. तो सॉकेट असला तरी वापरू नये.

तबकडीची आच सांभाळायला बहुतेक कुकरमध्ये नॉबमागे सिमरस्टॅट नावाचे छोटे यंत्र असते. त्यात दोन धातूंची पट्टी एका चिमुकल्या हीटरने तापते, वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. मंद आच म्हणजे खरे तर पूर्ण आचेचे छोटे छोटे हप्ते. दर वेळी बारीक ठिणगी पडते, आणि वर्षांनंतर संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसू शकतात. मग नॉब ‘बंद’वर असूनही तबकडी पेटलेलीच राहते, किंवा एकवर ठेवली तरी सहासारखी भाजते. अशा वेळी नॉब फिरवत बसू नये. भिंतीवरचा स्विच बंद, आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच. रोज रात्री तो बंद करायची ज्या घरांत सवय आहे ती घरे या बिघाडापासून वाचतात.

आता तबकड्या. ओतीव लोखंडाच्या बंद तबकड्या जर्मनीतून आल्या. मध्ये लाल ठिपका असेल तर ती जोरदार, १४५ मिलिमीटरला १५०० आणि १८० ला २००० वॉटची. नवी तबकडी भांडे न ठेवता तीन ते पाच मिनिटे पूर्ण तापवायची, म्हणजे वरचा लेप पक्का होतो. धूर येतो, खिडकी उघडावी. धुतल्यावर ती ओली ठेवली की गंज चढतो. मिनिटभर तापवून कोरडी करावी आणि अधूनमधून तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा.

काचेच्या सपाट शेगडीचा जन्म एका चुकीतून झाला. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. काच वितळून गेली असेल असे वाटले होते. निघाला एक पांढरा तुकडा, तो हातातून निसटून पडला आणि फुटला नाही. त्या शोधातून आलेल्या काच-सिरॅमिकच्या शेगड्या १९६० च्या दशकात अमेरिकेत आणि पुढच्या दशकात युरोपात आल्या. तापल्यावर ही काच जवळजवळ प्रसरणच पावत नाही, म्हणून लाल तापलेल्या भागावर गार पाणी सांडले तरी सहसा तडकत नाही. तिचा खरा शत्रू साखर आहे. मराठी घरांसाठी हे फार महत्त्वाचे, कारण संक्रांतीचा गुळाचा पाक आणि पुरण दोन्ही याच काचेवर शिजतात. पाक सांडला आणि तसाच गार होऊ दिला, तर तो काचेला घट्ट धरतो आणि आकसताना तिचे टवके उपटतो. हे खड्डे पुन्हा भरत नाहीत. आच बंद करून, जाड हातमोजा घालून, काच गरम असतानाच ब्लेडच्या खरवडणीने, तिरपी धरून, पाक गार भागाकडे ढकलायचा. बाकी सगळी सफाई पूर्ण गार झाल्यावर. फक्त साखर आणि वितळलेले प्लास्टिक याला अपवाद.

भांड्याचा तळ सपाट हवा. प्रेशर कुकर उलटा करून तळावर पट्टी आडवी ठेवून पाहा. पट्टीखालून दोन्ही कडांना उजेड दिसत असेल तर तळ फुगला आहे, तो काचेवर डुगडुगेल आणि वरण लागेल. गोल बुडाची कढई काचेला रुपयाएवढ्या जागीच टेकते, बाकीची उष्णता काचेतच साठते आणि आतला सुरक्षा-खटका आच तोडत राहतो. लोकांना वाटते शेगडी बिघडली. काच फार तापू नये म्हणून तिच्याखालचे लाल कडे मधूनमधून विझते, तो बिघाड नव्हे. लोखंडी तवा सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. काचेला आरपार तडा दिसला तर त्याच क्षणी भिंतीवरचा स्विच बंद करावा, कारण उतू गेलेले पाणी त्यातून खालच्या विजेच्या भागापर्यंत पोहोचते.

तळणीबद्दल ब्रिटनचा अनुभव कडू आहे. तिथल्या घरोघरी बटाटे तळायचे खोल भांडे शेगडीवर असे आणि त्याच्या आगी इतक्या होत की १९७० च्या दशकात त्यावर सरकारी इशारापट दाखवले जात. चकल्या-पुऱ्या तळणाऱ्या घरालाही तेच नियम लागू. भांड्याचा एक तृतीयांशच भाग तेलाने भरायचा, तेल १८०-१९० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, झाकण हाताशी ठेवायचे आणि तिथून हलायचे नाही. गॅस बंद केला की आच संपते; तबकडी मात्र बंद केल्यावरही कित्येक मिनिटे तेल तापवत राहते. म्हणून धूर दिसायच्या आधीच बंद करावी. पेट घेतलाच तर भांडे हलवायचे नाही आणि पाणी तर अजिबात टाकायचे नाही : पाणी तेलाखाली जाऊन त्याची वाफ होते, आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि जळते तेल छतापर्यंत उडते. हात पोचत असेल तर स्विच बंद, झाकण जमेल तर झाकण, नाहीतर दार ओढून घेऊन बाहेर पडायचे आणि ९९९ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावायचा.

ओव्हनचे दार म्हणजे कडक केलेली काच. तारेच्या घासणीने पडलेला ओरखडा आज काही करत नाही, पण काही महिन्यांनी त्याच जागेवरून काच चुरा होऊन कोसळू शकते. मऊ फडके आणि साबणाचे पाणी पुरते. ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरू नये. उष्णता तिथेच कोंडते आणि एनॅमल उडते.

इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार घरमालकाला दर पाच वर्षांनी तरी घरातली वायरिंग तपासून घ्यावी लागते आणि अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. ही तपासणी भिंतीतल्या कुकरच्या लाइनपर्यंत पोचते, खुद्द कुकरपर्यंत नाही. मागच्या जोडणीपेटीतला स्क्रू सैल होऊन तिथली वायर करपणे हा या कुकरचा नेहमीचा आजार, आणि तो अहवालात येईलच असे नाही. जळक्या प्लास्टिकचा वास, स्विचभोवती तपकिरी डाग, चालू असताना बारीक चरचर, यातले काही जाणवले की मालकाला लेखी कळवावे आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वापर थांबवावा.

भिंतीवरचा स्विच बंद करून परत लावल्यावर घड्याळ लुकलुकत राहते. अनेक ओव्हन वेळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. बिघाड समजून माणूस बोलावण्याआधी घड्याळाची वेळ भरून पाहा, आणि ‘ऑटो’ची खूण दिसत असेल तर हाताचे चिन्ह असलेले बटण दाबा.