सायकोसिसमधून सावरणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं: मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंगची पार्श्वभूमी

"डोकं फिरलेल्या माणसाशी काय बोलणार, गोळ्या द्या आणि झोपवा." सायकोसिस, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं किंवा खोटी गोष्ट पक्की खरी वाटणं (भ्रम), असा आजार झालेल्याबद्दल हे आपल्याकडे बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गल्लीत ऐकू येतं, पण हे फक्त गल्लीचं मत नव्हतं, मोठमोठे डॉक्टरही कितीतरी वर्षं जवळपास हेच मानत होते. जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली लिहून ठेवलं की खऱ्या भ्रमाची कारणं शोधता येतील, पण त्या माणसाच्या जागी आपण स्वतःला ठेवून तो भ्रम समजून घेता येत नाही. मग समजतच नाही तर बोलायचं कशाला, असाच त्याचा अर्थ पुढे घेतला गेला.

त्याला पहिला धक्का १९५२ मध्ये बसला, आणि गंमत बघा, क्लोरप्रोमाझीन हे पहिलं मोठं औषध मानसिक आजारावर वापरायला लागले तेही त्याच वर्षी. अमेरिकेत आरॉन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी सरकारी गुप्तहेर आपल्या मागावर आहेत असं वाटणाऱ्या एका पेशंटशी नुसतं बोलून त्याचा भ्रम सैल केला आणि ती केस छापली. पण गोळ्यांची लाट एवढी मोठी होती की त्या केसकडे फार कुणी बघितलंच नाही, आणि बोलण्याच्या उपचाराला इंग्लंडमध्ये परत जोर आला तो नव्वदच्या दशकात.

मेटाकॉग्निशन म्हणजे आपल्याच विचारांकडे बघता येणं. ही कल्पना जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात मांडली ती लहान मुलांच्या शिकण्याबद्दल, सायकोसिसचा तिथे संबंधच नव्हता. तो संबंध जोडायला एक साधा प्रयोग कामाला आला. दोन बरण्या, एकीत एका रंगाचे ८५ मणी आणि दुसऱ्या रंगाचे १५, दुसरीत बरोबर उलट. बरण्या लपवायच्या, एकेक मणी काढून दाखवायचा आणि विचारायचं, कुठल्या बरणीतला आहे, खात्री झाली की सांगा. १९८८ मध्ये लंडनमध्ये फिलिपा गॅरेटी आणि सहकाऱ्यांनी हे केलं तेव्हा दिसलं की भ्रम असलेले लोक बाकीच्यांपेक्षा कमी मणी बघून, बरेच जण तर एकदोन मण्यांतच, निकाल देऊन टाकतात. म्हणजे विचार करता येतो, फक्त घाई होते. आणि घाई कमी करायला शिकवता येतं.

यावरूनच हॅम्बुर्गचे स्टेफन मॉरिट्झ आणि कॅनडाचे टॉड वुडवर्ड या संशोधकांनी ग्रुपमध्ये घ्यायचं मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग बनवलं, २००७ च्या सुमारास ते सगळीकडे पोचलं. आठ सेशन, स्लाइडवर एखादं चित्र तुकड्यातुकड्याने उघडत जातं आणि प्रत्येक तुकड्याला विचारतात, आता काय वाटतं, किती खात्री आहे. अशा चुका सगळ्याच माणसांच्या होतात इथून सुरुवात असते, त्यामुळे पेशंटला आरोपीसारखं वाटत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मटेरियल फुकट आणि कितीतरी भाषांत. २०२२ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा भ्रम कमी झालेले दिसले आणि फायदा वर्षभर टिकलेलाही दिसला.

दुसरी वाट रोमहून आली. अँटोनियो सेमेरारी यांच्या टीमने थेरपीतल्या बोलण्यावरून मेटाकॉग्निशन मोजायची पद्धत काढली, ती इंडियानापोलिसच्या पॉल लायसेकर यांनी सायकोसिससाठी बदलून घेतली आणि त्यातून मेरिट नावाची वन-टू-वन थेरपी उभी राहिली. इथे स्लाइड नाहीत, त्यामुळे थेरपिस्टचं ट्रेनिंग हाच सगळा मामला. समजा पेशंट म्हणतो, "शेजारचे दिवसभर माझ्यावरच बोलूलालेत." नवीन थेरपिस्टच्या तोंडी लगेच येतं, पुरावा काय? संपलं, तो माणूस गप्प होतो. शिकलेला थेरपिस्ट विचारतो, "दादा, हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा घरात काय चाललं होतं? ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं?" आणि जो माणूस आपल्या मनात आत्ता काय चाललंय हेच अजून सांगू शकत नाही त्याला शेजाऱ्याच्या मनात काय असेल हे विचारायचंच नसतं, त्याला जमतं त्या पायरीवर बसायचं आणि तिथून एक पायरी वर. हे पुस्तक वाचून येत नाही. पेशंटच्या परवानगीने सेशन रेकॉर्ड करायचं, सुपरव्हायझरबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी थेरपिस्टबरोबर, ऐकायचं, कुठे घाई केली, कुठे उपदेश केला ते बघायचं, असं महिनोन्‌महिने.

आता आपल्याकडचं. धारवाडचं मेंटल हॉस्पिटल १८४५ चं, मुंबई इलाख्यातलं, आणि १९५६ मध्ये बेळगाव-धारवाड तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले तरी घरच्यांची वाट तीच राहिली, नाहीतर मग मिरज-कोल्हापूर. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, जिल्हा पातळीवर तो कसा चालवायचा ते बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने कर्नाटकातच, बळ्ळारीत, करून दाखवलं. पुढे कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमामुळे मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी बसायला लागली. मोठी गोष्ट आहे ही, पण या सगळ्याचा कणा औषध हाच राहिला. ओपीडीत आई मराठीत सांगते, डॉक्टर कन्नडात विचारतात, रांग बाहेरपर्यंत असते, गोळ्यांची चिठ्ठी मिळते आणि पोरगा स्वतः एक वाक्यही न बोलता घरी येतो.

मेरिटसारखं काम त्या पोराच्या घरच्या बोलीतच होणार, कारण आपलं आयुष्य तो तिच्यातच सांगू शकतो. म्हणजे सुपरव्हायझरलाही रेकॉर्डिंगमधलं बेळगावी मराठी कळायला हवं आणि थेरपिस्टला कन्नडही यायला हवं, कारण गल्लीत दोन्ही घरं आहेत. बेळगावात बिम्स आणि जेएनएमसी ही मेडिकल कॉलेजं आहेत, धारवाडला डिमहान्स, म्हणजे तेच जुनं मेंटल हॉस्पिटल, आहे. ग्रुप ट्रेनिंगच्या स्लाइड फुकट आहेत, तिथून सुरुवात करायला मोठा खर्च नाही. खर्च आहे तो सुपरव्हिजनच्या तासांचा, आणि बजेट मागायचंच असेल तर आधी त्या तासांसाठी मागायला पाहिजे.