दाट रानातली शेळी शोधायची कशी?

न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. 1773 मध्ये कॅप्टन कुकने तिथे शेळ्या सोडल्या. पुढे गोऱ्या वसाहतकऱ्यांनीही आणल्या आणि त्यातल्या कित्येक रानात मोकाट झाल्या. शेळी कोवळी रोपं खाऊन टाकते. जुनी झाडं उभी राहतात, पण त्यांच्यामागे वाढणारं काही उरत नाही. म्हणूनच तिथल्या तारानाकी पर्वताच्या जंगलात 1925 मध्ये त्यांची शिकार सुरू झाली आणि ती कित्येक दशकं चालली. मला तरी हे जंगल राखण्याचंच काम वाटतं.

अडचण नेमबाजीची नसते, शेळी दिसण्याची असते. तिच्या डोळ्याची बाहुली आडवी, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं तिला दिसतं. चरायला मान खाली घातली की डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. अशा जनावराला डोळ्यांनी हरवता येत नाही, तिथे नाक लागतं. माजावर आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो. तो उग्र दर्प माणसालाही जाणवतो, मग कुत्र्याचं काय सांगावं! शिकवलेलं कुत्रं न भुंकता पुढे चालतं आणि वास लागला की जागीच थबकतं. वारा मात्र तोंडावर हवा. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. त्याप्रमाणे शिकारी वाट धरतो. ओल्या, चकचकीत लेंड्या दिसल्या की कळप नुकताच गेलेला असतो. उष्णता टिपणारा कॅमेराही वापरतात, पण पानांआडचं त्याला दिसत नाही.

खरी कसोटी शेवटच्या मोजक्या शेळ्यांची. वाचलेल्या शेळ्या हुशार होतात, दाट झाडीत दडून बसतात. त्यांच्यावर उपाय निघाला तो शेळीच्याच स्वभावातून. तिला एकटं राहवत नाही. एक शेळी पकडायची, गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, घालायचा आणि सोडून द्यायची. ती आपणहून कळप हुडकते, मागोमाग शिकारी पोहोचतात. तिला मारत नाहीत, कारण ती पुन्हा नव्या सोबतीच्या शोधात निघते. येशूला पकडून देणाऱ्या शिष्यावरून तिला ‘जुडास शेळी’ म्हणतात. 1980च्या दशकात हवाईत ही युक्ती वापरली गेली. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर या युक्तीवर आणखी काम झालं. तिथे शेळ्या महाकाय कासवांचा चारा फस्त करत होत्या. संशोधकांनी काही माद्यांची गर्भधारणा बंद केली आणि संप्रेरकं देऊन त्यांना महिनोन्‌महिने माजावर ठेवलं. एरवी माज जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. लपलेले बोकड त्यांच्याकडे स्वतःच चालत आले.

बेटावर शेळी उरली नाही, हेही याच शेळ्यांमुळे कळतं. कॉलरवाल्या शेळ्या पुन्हा पुन्हा फक्त एकमेकींच्याच सोबतीला सापडू लागल्या, तर रानात दुसरं कुणी उरलेलं नसण्याची शक्यता दाट.