एनिग्मा ट्युरिंगने एकट्याने फोडलं?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या या संकेतयंत्राबद्दल असं सर्रास सांगितलं जातं, पण ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रात, रुजू झाला तो सप्टेंबर १९३९ मध्ये. त्याच्या जवळपास सात वर्षं आधी, १९३२ च्या अखेरीस, पोलंडचा गणितज्ञ मारियन रेयेव्स्की याने जर्मन लष्करी एनिग्माच्या फिरत्या चकत्यांमधली तारजोडणी गणिताने हुडकली होती. फ्रेंच हेरखात्याकडून आलेले कागद मदतीला होतेच. जुलै १९३९ मध्ये पोलिश मंडळींनी वॉर्साजवळ ही सगळी शिदोरी ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केली. एनिग्माची मांडणी शोधून काढणारं ट्युरिंगचं 'बॉम्ब' यंत्र त्यानंतरचं. काम मोठंच, पण पायाचे दगड आधीच बसलेले.

एनिग्मा यंत्र घरी कागदावरही करून बघता येतं. गोल डब्याभोवती २६ अक्षरांच्या, आडव्यातिडव्या रेघांनी जोडलेल्या तीन पट्ट्या चकत्या म्हणून गुंडाळायच्या, टोकाला परावर्तकाची, म्हणजे रेघ मागे वळवणारी, पट्टी. (अक्षरांची आणखी अदलाबदल करणारा प्लगबोर्ड यात नाही, पण गंमत कळते.) बोटाने रेघ धरून जा आणि परत या: कितीही फिरवा, 'ए'चा 'ए' कधीच होत नाही, कारण परावर्तक अक्षरांच्या जोड्याच लावतो. संकेतभेद्यांनी नेमकी हीच खोट धरली. संदेशात असेलसा वाटणारा अंदाजाचा शब्द सांकेतिक मजकुराखाली सरकवायचा; एक जरी अक्षर जुळलं, तरी ती जागा बाद.